कारण लिहिल्याशिवाय इंजिन नाही

ते गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. गाडी आली की मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसायचे, दार लावून घ्यायचे आणि दहा-पंधरा मिनिटं तिथेच. कोणी चहा आणून दिला तर तोही तिथेच प्यायचे. नवीन गिऱ्हाईक बाहेर उभं राहून एकदा गाडीकडे, एकदा मोबाईलमधल्या घड्याळाकडे बघायचं. मग ते उतरायचे आणि विचारायचे, "गाडीत कोन कोन बसते?"

"भाऊ, गाडी सुरू होत नाई, अन् तुमी बसनाऱ्याचं इचारून राह्यले."

"सुरू करनं माह्या हातचं आहे. कोन बसते ते माह्या हातचं नाई. म्हनून इचारलं."

कुरखेड्याच्या बाहेर, वडसा रोडला, एका मोठ्या आंब्याखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर टिनाचे पत्रे आणि आंब्याच्या जाड फांदीला बांधलेली साखळी. इंजिन वर उचलायची ती साखळी. बोर्ड नव्हता. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही भाऊच म्हणायची. त्यांचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून एका फांदीला टांगलेला असायचा, कारण रेंज फक्त त्याच फांदीला होती. फोन वाजला की ते स्टुलावर चढून, मान वर करून बोलायचे. कोणी म्हटलं की टॉवर आता दुसरा झाला, खालीही रेंज येते, तर म्हणायचे, "वर चढा लागते म्हनून मानूस कामाचंच बोलते. खाली आनला तं दिवसभर वाजन."

झाडाच्या दुसऱ्या बाजूला तारेने बांधून जुने, मेलेले भाग टांगलेले. वितळलेले पिस्टन, वाकडे व्हॉल्व्ह, तडकलेली इंजिनाची हेडं. प्रत्येकावर पांढऱ्या पेंटने गावाचं नाव आणि खाली दोन-तीन शब्द. 'पाणी नाई पाह्यलं.' 'ऑइल उधारीचं.' 'पोरानं शर्यत लावली.' एका जीपच्या पिस्टनवर लिहिलं होतं, 'साहेब म्हणाले चालू ठेव.' ती कोणत्या खात्याची जीप, ते कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मालकाचं नाव ते कधी लिहीत नसत. पण आमच्याकडे गावाचं नाव आणि कारण लिहिलं की मालक कोण ते सांगावं लागत नाही.

त्यांचा नियम एकच होता. जुनं इंजिन कशाने मेलं ते मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ते झाडावर लिहिलं जायचं. त्याशिवाय दुसरं इंजिन बसायचं नाही. कितीतरी गिऱ्हाईकं याच गोष्टीवरून भांडून, गाडी दोरीने ओढत वडशाला घेऊन गेली. भाऊ त्यांच्या दोरीची गाठ नीट तपासून द्यायचे.

मला हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा मी हसले होते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, वडशाच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावी विज्ञानाला शिकवते. हे मी कोणालाही सांगते आणि मोठ्याने सांगते, कारण ते मिळवायला मला काय लागलं ते मला माहीत आहे. माझे वडील चौथी शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. आमच्या खानदानात पहिली मोटारही माझीच. भद्रावतीच्या कॉलनीतल्या एका निवृत्त साहेबांनी वापरलेली, डिकीवाली, पेट्रोलची, चौदा वर्षांची सेडान. कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं. पण गाडी स्वच्छ होती आणि माझ्या आवाक्यातली होती.

गाडी मी हौसेने घेतली हे खरं, पण चालली ती दुसऱ्याच कारणाने. आमचं गाव मेन रोडच्या फाट्यापासून सहा किलोमीटर आत. मधे सगळं जंगल. सकाळची एसटी फाट्यावरूनच जाते, आत येत नाही. आधी मुली सायकलने फाट्यापर्यंत जायच्या. मग दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातली एक बाई वाघाने नेली आणि सायकली भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. तेव्हापासून बारावीच्या चार मुली माझ्या गाडीतून यायच्या. एक पुढे, तिघी मागे. चालवणारी बाई आहे, मास्तरीण आहे, म्हणून घरचे पाठवायचे. डिसेंबरात एका सकाळी फाट्याच्या अलीकडच्या चढावर बॉनेटमधून पांढरी वाफ निघाली, ठक ठक आवाज झाला आणि गाडी उभी राहिली. आम्ही पाचजणी काचा वर करून ट्रॅक्टर येईपर्यंत आत बसून राहिलो.

प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीत होती. हातात सात-आठ आठवडे.

भाऊ मागच्या सीटवर बसले, उतरले, विचारलं. मी सांगितलं, मी आणि चार मुली. डिकीत दप्तरं. त्यांनी इंजिन उघडलं. दोन दिवसांनी मला बोलावून आत बॅटरीचा उजेड पाडून दाखवलं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलं होतं, ते तासून निघालं असतं. पण खालच्या ब्लॉकमध्ये दोन सिलिंडरांच्या मधोमध केसाएवढी तड गेली होती.

"हे भरते कोनी कोनी," ते म्हणाले. "मी भरत नाई. तुमच्या संगं चार पोरी असते."

म्हणजे दुसरं इंजिन बसवणं आलं. माझ्याकडे साधारण दोन पगार बाजूला होते, त्यात सगळं बसवायचं होतं. मी तीन रात्री वाचलं, मोबाईलवर लोकांचे व्हिडिओ पाहिले आणि वहीत एक तक्ता केला. पहिला पर्याय, याच मॉडेलचं दुसऱ्या गाडीतलं वापरलेलं इंजिन. दुसरा, वडशात अपघात झालेल्या एका टॅक्सीचं डिझेल इंजिन, ताकदीचं आणि कमी खर्चात पळणारं. तिसरा, त्याच कंपनीच्या नव्या छोट्या गाडीचं इंजिन. रकाने होते किंमत, ताकद, मायलेज, वजन, सुटे भाग. मी तो तक्ता त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा मला वाटलं होतं की ते चकित होतील.

त्यांनी हात पुसले, वही न धरता वाकून वाचली. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले. "एक खाना राह्यला. बंद पडलं तं कुरखेड्यात कोन उघडन?"

मी तो रकाना घातला. नव्या इंजिनासमोर काहीच लिहिता आलं नाही. त्याला कॉम्प्युटर होता, कॉम्प्युटरला आपली चावी ओळखावी लागायची, त्याची वायर आमच्या गाडीत आणायची म्हणजे सगळी गाडी सोलायची. तो पर्याय गेला. उरले दोन. मला डिझेल हवं होतं.

"दुसऱ्या जातीचं इंजिन म्हनजे घरजावई," भाऊ म्हणाले. "येईन, राहीन, कामही करन. पन त्याची खाट वेगळी, त्याचं पानी वेगळं. गिअरबॉक्स त्याच्या मनासारखा पाह्यजे. टाकीतून डिझेल जाईन तं उरलेलं वापस याले दुसरी नळी पाह्यजे. आरटीओले सांगा लागन का कागदावर पेट्रोल आहे अन् पोटात डिझेल आहे, मानलं तं मानलं. अन् हे सगळं करून तो रुसनारच नाई याची काई ग्यारंटी नाई."

"पण ताकद तर आहे ना, भाऊ? पेट्रोलला आमचा रस्ता झेपला नाही. चढावरच तर फुटलं."

"चढावर फुटलं," त्यांनी माझे शब्द परत म्हटले, जसं कोणी दुकानदार नोट उजेडाकडे धरून बघतो तसं.

त्यांच्याकडे एक मोठा टांगता वजनकाटा होता, पूर्वी कुठल्याशा धान खरेदीच्या गोदामातला. आलेलं प्रत्येक इंजिन ते त्याला टांगून मोजायचे आणि खडूने त्याच्या अंगावर आकडा लिहायचे. टॅक्सीवाल्याने त्याचं इंजिन दाखवायला ट्रॉलीत आणलं होतं. भाऊंनी दोन्ही मोजली. डिझेलचं इंजिन माझ्या इंजिनापेक्षा दीड कट्टा धानाएवढं, म्हणजे साठेक किलो, जास्त भरलं.

"पुढच्या स्प्रिंगवर रोज दीड कट्टा धान ठेवून गावच्या रस्त्यानं चालवता का, बाई? चालवत असान तं लावतो."

"स्प्रिंगा बदलता येतात."

"येते. सगळंच बदलता येते. मंग गाडीच बदला ना."

टॅक्सीवाला हसला. मला राग आला. शिकलेल्या बाईने विचार करून काही सांगितलं की लोक असंच हसतात, असं मला तेव्हा वाटलं. मी म्हटलं, माझी गाडी आहे, पैसा माझा आहे, मला डिझेलच लावायचं आहे.

"लावू," भाऊ म्हणाले. "आधी कारन सांगा. जुनं कशानं गेलं?"

"सांगितलं ना. चढ. इंजिन कमजोर होतं."

त्यांनी पेंटचा डबा उघडला नाही. दुसऱ्या एका ट्रॅक्टरखाली सरकले आणि तिथूनच म्हणाले, "याद आलं का सांगा."

असे आठ दिवस गेले. मी रोज कॉलेजहून परत येताना एसटीतून तिथे उतरायची. ते पाणी विचारायचे, बसायला स्टूल द्यायचे, कारण विचारायचे. मी चढ सांगायची. ते काम करायला लागायचे. एकदा मी चिडून म्हटलं की तुम्ही मेकॅनिक आहात, न्यायाधीश नाही. तर म्हणाले, "बरोबर आहे. न्यायाधीशाले खोटं चालते, त्याच्यापाशी दोन वकील असते. माह्यापाशी एकच इंजिन आहे. खोट्या कारनावर खरं इंजिन कसं निवडू?"

मग पाना खाली ठेवून त्यांनी एक गोष्ट सांगितली. तरुणपणी ते भद्रावतीकडच्या एका कोळसा खाणीत कंत्राटदाराच्या वर्कशॉपमध्ये होते. खाणीतलं पाणी उपसायचा एक पंप दर पंधरवड्याला बंद पडायचा. दर वेळी दुरुस्तीच्या कागदावर कारण लिहिलं जायचं, सामान्य झीज. कागद लिहिणारा शिकलेला होता. खरं कारण सगळ्या कामगारांना माहीत होतं. पंपाचा पाया एका बाजूने खचला होता, तो नीट करायला काम थांबवावं लागलं असतं. एक दिवस पंप चालू असताना पायाच्या नटासकट उखडला आणि भाऊंच्या जोडीदाराची तीन बोटं गेली. "त्याच्याबी कागदावर काय लिहिलं असन?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "सामान्य झीजच. मी त्याच दिवशी काम सोडून आलो. बायकोचं गाव कुरखेडा, म्हनून इथी."

त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं पाहिजे होतं. मला वाटलं की शिकलेल्यांवर बोट ठेवतायत. माझा स्वभाव असा आहे, मी लपवत नाही. म्हणजे तेव्हा जेवढं लपवत होते तेवढं सोडून.

मुलींचं मात्र थांबत नव्हतं. दोघींचे वडील आळीपाळीने मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडायचे, तेही उजाडल्यावर, म्हणजे पहिले दोन तास बुडायचे. तिसरी वडशाला मावशीकडे राहायला गेली. चौथी वैशाली. चौघींत हुशार. प्रयोगशाळेत ब्युरेट वाचताना तिची नजर चुकत नाही, मी इतकी वर्षं शिकवते, अशी नजर दुसरी पाहिली नाही. तिच्या घरी मोटारसायकल नव्हती. ती बसली घरी. आणि जानेवारी लागला की आमच्याकडचे लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात, कुटुंबंच्या कुटुंबं, दोन-अडीच महिने. वैशालीचे आईवडील दरवर्षी जायचे, तिला आजीकडे ठेवून. या वर्षी तिचे वडील पारावर म्हणाले, "पोरगी तं घरीच आहे. नेतो संगं. बाईची गाडी काई सुधरत नाई."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. घरी आले तर अंगणात माझे बाबा शेजाऱ्याला सांगत होते, "नवीन इंजिन येऊ दे, मंग भारी धानाचेबी पुंजने तिच्याच गाडीनं चुरतो. हलका धान कसा मस्त चुरला होता. ट्रॅक्टरवाल्याच्या पाया काऊन पडा?"

मी दारातच उभी राहिले.

कारण ते होतं, चुरणं, म्हणजे मळणी. नोव्हेंबरच्या शेवटी आभाळ भरून आलं होतं. हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून खळ्यावर पसरलेला, आणि ट्रॅक्टरवाला दुसऱ्या गावात अडकलेला. बाबा म्हणाले, "पोरी, तुही गाडी काई कमी आहे का? गोल गोल फिरव." अर्धं गाव बघायला जमलं. आमच्या खळ्यावर, आमच्या धानावर, आमची मोटार, आणि चालवणारी मी. पहिल्या गिअरमध्ये सकाळी आठपासून दुपारपर्यंत मी गोल फिरत होते. खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, गाडीच्या पोटाला घासत होती. समोरचा पंखा सगळा कोंडा आत ओढत होता. गरमीचा काटा लालच्या जवळ गेला, तेव्हा मी पाहिला. बाबा बैलामागे चालावं तसे मागे मागे चालत, हातातल्या काडीने तणस उलटवत होते. लोक बघत होते. मी थांबले नाही. रसायनशास्त्राची एम.एस्सी., उष्णता कुठून येते आणि कुठे जाते हे पोरांना शिकवणारी, मी काटा पाहिला आणि थांबले नाही. पुढच्या तीन आठवड्यांत दोनदा काटा चढला. मी पाणी भरलं आणि चालवत राहिले, मुलींना घेऊन.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायच्या आधी मी आंब्याखाली गेले. दोन गिऱ्हाईकं बसलेली होती. ती जाईपर्यंत थांबायचा विचार केला, मग नाही थांबले.

"भाऊ, लिहा. धान चुरलं."

गिऱ्हाईकांपैकी एकाने चहाचा कप खाली ठेवला. "मोटारीनं?"

"मोटारीनं. मी चालवत होते. काटा दिसत होता."

भाऊ हसले नाहीत. उठले, टिनाच्या खालून माझ्याच गाडीचं रेडिएटर काढून आणलं. त्याच्या बारीक पत्र्यांत ठासून भरलेला कोंडा. आणि चाकाच्या दांड्याला गुंडाळलेली तणस, त्यांनी कापून एका जुन्या डब्यात ठेवलेली.

मला समजायला थोडा वेळ लागला. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"मागच्या सीटवर बसलो तवाच. धानाचा वास लपते का?"

"मग आठ दिवस काऊन घालवले माझे?" मी पुस्तकी बोलायचं विसरले. "तिकडे पोरगी मिरचीले चालली, अन् तुमी मले स्टूल देऊन बसवून ठेवून राह्यले."

"पोरीचं मले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ते तुमी सांगतलं नाई. तुमी चढ सांगतला." मग म्हणाले, "मी लिहिलं असतं तं तुमी म्हनलं असतं, मिस्त्री मनानं लिहिते. अन् पुढच्या सुगीत पुन्हा खळ्यावर नेली असती. नेली असती का नाई?"

अंगणातलं बाबांचं बोलणं आठवलं. 

"आता पाहा," ते म्हणाले आणि स्वतःहून माझी वही मागितली. "इंजिन कमजोर नव्हतं. चौदा वर्षं चाललं, अर्धा दिवस बैलाचं काम केलं, वर तीन हप्ते तुमाले वडशाले नेलं. तेच लावा. त्याच जातीचं. मोठं कायले पाह्यजे? तुमी पाचजनी अन् दप्तरं. डिझेलले महिना लागन. हे दहा दिवसांत बसवतो." आणि माझ्या तक्त्यात डिझेलच्या ओळीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रेघ मारली. हात काळा होता, बोटाचा ठसा अजून त्या पानावर आहे.

नागपूरला आम्ही एसटीने गेलो. भंगाराच्या त्या गल्लीत दुकानदाराने तीन इंजिनं दाखवली. एक धुऊन, पॉलिश करून, आरशासारखं ठेवलेलं. मी त्याच्याकडेच गेले.

"धुतलेलं घेऊ नका," भाऊ म्हणाले. "ज्यानं धुतलं त्याले काय पुसाचं होतं, ते आपल्याले काय माहीत?"

दुसऱ्याच्या ऑइलचं झाकण उघडून त्यांनी आत बोट फिरवलं, बोट दुकानदाराच्या नाकाजवळ नेलं. त्यावर दुधाळ साय होती, ऑइलमध्ये पाणी गेल्याची. दुकानदार म्हणाला, "चाचा, थोडा सा तो चलता है." भाऊ म्हणाले, "तुमच्या चहात चलते, इंजिनात नाई." तिसरं मळकं होतं, धुळीने भरलेलं. त्यांनी विचारलं, "गाडी कशानं मेली?"

"पीछे से ट्रक ने ठोका."

"गाडी कुठी आहे?"

"चाचा, इंजिन लेना है कि गाडी का मातम करना है?"

भाऊ मागच्या आवारात गेलेच. अर्ध्या तासाने परत आले. गाडी मागून खरंच चेपलेली होती, पुढचा बंपर जसाच्या तसा. त्यांनी इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवला, पावती आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत माझ्या पर्समध्ये ठेवायला लावली, आरटीओत नंबर चढवायला लागतो म्हणून. मग मळक्या इंजिनावर हात ठेवून उभे राहिले. परतीच्या एसटीत मी विचारलं, इतका वेळ काय पाहत होता. "शेवटपर्यंत चालत होतं का, ते," म्हणाले. "त्याचा काई गुन्हा नव्हता."

दहाचे अकरा दिवस लागले. तोपर्यंत माझं जुनं हेड झाडावर गेलं होतं. गावाचं नाव आणि खाली, 'धान चुरलं.' वडसा रोडचा प्रत्येक ड्रायव्हर ते वाचून जायचा. कॉलेजमध्येही कळलं. एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये विचारलं की आता गहू कधी काढणार. मी म्हटलं, तुमची गाडी आणा, सोबतच काढू.

बाबांना मी स्वतः घेऊन गेले. बाबा अक्षर लावून लावून वाचतात. त्यांनी वाचलं, परत वाचलं आणि म्हणाले, "मिस्त्री, माह्यं नाव काऊन नाई लिहिलं? चुराले सांगतलं तं मीच होतो."

"गाडी कोन चालवत होतं?" भाऊंनी विचारलं.

"पोरगी."

"मंग झालं."

 परतताना रस्त्यात बाबा एवढंच म्हणाले की भारी धानाला ट्रॅक्टरवाल्याशी बोलून ठेवलं पाहिजे.

ज्या दिवशी गाडी तयार झाली, भाऊ म्हणाले, आज घरी न्या, उद्या सकाळी मी येतो, रोजच्या वजनानं चालवून पाहू. सायकलवर सहा किलोमीटर जंगलातून आले, उजाडायच्या आत. मी रागावले, तर म्हणाले, वाघाले ऑइलचा वास आवडत नाई. तोंडावरून वाटत होतं की रात्रभर झोपलेले नाहीत.

दोघी आल्या. तिसरी अजून वडशाला मावशीकडेच होती. वैशाली आली नाही.

"चौथं वजन कुठी आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "तिच्या घरावरून घ्या," ते म्हणाले.

वैशालीच्या अंगणात गाठोडी बांधलेली होती, भांडी पोत्यात भरलेली. मिरचीवाल्यांची गाडी दहा वाजता येणार होती. तिचे वडील उठून उभे राहिले. मी बोलायला लागले, परीक्षा, मार्क, नर्सिंगला प्रवेश. ते खाली बघून ऐकत होते, जसं सगळे मास्तरीणबाईचं ऐकतात तसं. मग म्हणाले, "बाई, गाडीचा भरोसा नाई. पोरगी बसून काय करन?"

भाऊ खाटेच्या कडेला टेकले. "गाडी मी बसवली. तिचं मी सांगतो, परीक्षेपर्यंत कुठी बंद पडली तं माह्या घरी येऊन मले शिव्या द्या. गाडीचं झालं. दुसरं कोनतं कारन आहे?"

"दुसरं काय राहनार?"

"तुमीच सांगा. मले घाई नाई."

मला घाई होती. घड्याळ समोर होतं. पण त्यांचं हे मला माहीत झालं होतं, म्हणून गप्प राहिले. वैशालीची आई चुलीजवळून बघत होती. शेवटी तिचे वडील म्हणाले, "यंदा हिच्या मायचा हात दुखते. तोडाले एक हात कमी पडते. सांगाले लाज वाटते."

"याच्यात लाज काय?" भाऊ म्हणाले. "याच्यावर बोलता येते. चढावर फुटलं म्हनलं असतं तं बोलता नसतं आलं." आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्या डोक्यात तोपर्यंत एकच गोष्ट होती, की यांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. ते कळत होतं त्यांना. हात कमी पडत होता. मी म्हटलं, परीक्षा होईपर्यंत वैशाली माझ्या घरी राहील, शेवटचा पेपर झाला की मी स्वतः तिला तुमच्याकडे आणून सोडते, तेव्हाही तोड चालूच असते. आणि तिच्या आईच्या हाताला आज वडशाच्या दवाखान्यात दाखवते, तुम्ही एक दिवस मागून निघा.

तिचे वडील बायकोकडे बघत राहिले. "गाडीवाल्याले सांगा लागन," ती म्हणाली. "उद्या दुसरी गाडी आहे."

"मंग बसा," भाऊ म्हणाले.

वैशाली दप्तर घेऊनच बाहेर आली. म्हणजे ते भरून ठेवलेलं होतं. मागे तिची आई, ती आणि दोघी, चौघी दाटीने बसल्या. पुढे भाऊ. तो चढ आला तेव्हा मी काट्याकडे बघितलं, अर्ध्याच्या खाली होता आणि तिथेच राहिला. हे सांगायला मी वळले तर भाऊंची मान खिडकीला टेकलेली होती आणि ते तोंड उघडं टाकून बारीक घोरत होते. आधीच्या कुठल्या तरी वळणावरच ते झोपले असावेत.

कॉलेजचं फाटक आलं तरी ते उठले नाहीत. मुलींनी दार हळू उघडलं आणि न आपटता, हाताने दाबून लावलं.